रोजच्या वापरासाठी व्हेरिएबल व्होल्टेज व्हेप: तुलना कशी करावी

व्होल्टेज कमीजास्त करता येणारी दोन व्हेप उपकरणं, म्हणजे ई-सिगारेट, घ्या. एकच टाकी (निकोटिनचं लिक्विड, कापूस आणि ते तापवणारी तार, म्हणजे कॉइल, असलेला भाग) त्यांच्यावर आलटून पालटून लावा आणि दोन्हीकडे ३.७ व्होल्ट ठेवा. एकावर चव नीट येते, दुसऱ्यावर घसा चरचरतो आणि कापूस करपल्याचा वास येतो. दोष टाकीचा नसतो, लिक्विडचाही नसतो. आकडा तोच दिसत असला तरी कॉइलपर्यंत पोचणारी उष्णता वेगळी असते. तुलना करायची ती या उष्णतेची, खोक्यावर छापलेल्या रेंजची नाही.

पुढचं सगळं आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. निकोटिनची सवय नसलेल्याने या वाटेला जाऊ नये. काही देशांत ही उपकरणं विकायला आणि आणायला बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडचा कायदा आधी पाहून घ्या.

आधी कॉइल, मग उपकरण

नुसत्या व्होल्टला अर्थ नाही, सोबत कॉइलचा ओहम, म्हणजे तिचा विजेला होणारा रोध, लागतो. व्होल्टचा वर्ग करा, त्याला ओहमने भागा, की वॅट मिळतात. १.८ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्ट दिले तर ७.६ वॅट होतात, ४.८ दिले तर १२.८. तेच ३.७ व्होल्ट १ ओहमच्या कॉइलला दिले की १३.७ वॅट आणि ०.५ ओहमला दिले की २७ वॅटच्या वर, तेही ७.४ अँपिअर करंट खेचून. म्हणून एकाने सांगितलेलं “४ वर मस्त चालतं” दुसऱ्याच्या कॉइलवर लागू पडेलच असं नाही.

हिशेब उलटाही करता येतो. कॉइलवर वॅटची रेंज कोरलेली असते. वॅट आणि ओहमचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, की व्होल्ट मिळतात. समजा कॉइल १.२ ओहमची आहे आणि तिच्यावर १० ते १४ वॅट लिहिलंय. १२ चं वर्गमूळ ३.४६, १६.८ चं ४.१. म्हणजे या कॉइलला ३.५ ते ४.१ एवढीच जागा हवी. ६ व्होल्टपर्यंत जाणारं उपकरण तिच्यासाठी जास्त चांगलं ठरत नाही. या पट्ट्यात ते ०.१ च्या पायरीने सरकतं की ०.५ च्या, हे पाहा. ०.५ च्या पायरीत कॉइलची अख्खी रेंज एका झेपेत संपते.

व्होल्टेज बनतं कसं

खरा फरक इथेच आहे आणि विक्रीच्या माहितीत तो क्वचितच सापडतो.

लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो आणि वापरात उतरत उतरत ३.२ च्या आसपास येतो. साध्या पेनमध्ये, म्हणजे पेनसारख्या बारीक उपकरणात, हे व्होल्टेज वाढवणारं सर्किटच नसतं. सेलचंच व्होल्टेज कापून कमी केलेलं असतं. अशा पेनवर ४.५ लावा, सेल ३.५ वर आला असेल तर मिळणार ३.५ च. सकाळी दाट वाफ, संध्याकाळी फिकी, ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. लोक मात्र कॉइल बदलत बसतात.

दुसऱ्या प्रकारात व्होल्टेज आधी वाढवतात आणि मग चालू-बंद ठोक्यांनी कॉइलला देतात. समजा आतून ६ व्होल्टचे ठोके येतात आणि सरासरी ३.७ राहावी म्हणून ते ६२ टक्के वेळ चालू असतात. सरासरी बरोबर निघाली, पण उष्णता व्होल्टच्या वर्गावर ठरते. १.८ ओहमवर ६ व्होल्ट म्हणजे २० वॅट, त्याचे ६२ टक्के म्हणजे १२.४. पडद्यावर ३.७, कॉइलवर मात्र सरळ ४.७ व्होल्ट दिल्याइतकी आग. करपलेल्या झुरक्याचं कारण हे असू शकतं. काही उपकरणं हा फरक धरून ठोके कमी करतात, काही करत नाहीत.

तिसरा प्रकार सरळ, न तुटणारा पुरवठा देणारा. सेल भरलेला असो की उतरलेला, लावलेलं व्होल्टेज तेच राहतं. रोजच्या वापराला मी यालाच पहिली पसंती देईन. २.९ ते ६ व्होल्टचं प्रोव्हारी नावाचं जुनं उपकरण लोकांनी जपून वापरलं ते याच स्थिरपणासाठी.

घरी कसं तपासाल

पहिली तपासणी कानाने होते. संथ ठोक्यांच्या उपकरणात, विशेषतः सेकंदाला ३३ च्या आसपास ठोके असतील तर, झुरका घेताना टाकीतून बारीक खुळखुळ्यासारखी तडतड ऐकू येते. सरळ पुरवठ्यावर फक्त सलग सुस्कार येतो.

मग ताज्या, नीट भिजलेल्या कॉइलची टाकी घ्या आणि दोन्ही उपकरणं पूर्ण चार्ज करा. दोन्हीकडे ३.५ ठेवून ३ सेकंदांचे तीन झुरके घ्या, मधे अर्धा मिनिट थांबा. वाफेची ऊब जिभेवर कळते. सेल अर्ध्यावर आल्यावर हेच पुन्हा करा. जे उपकरण दोन्ही वेळा सारखं लागेल ते ठेवण्याजोगं. टाकी आणि उपकरणाच्या मधे बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळाला तर अजून चांगलं, पण तोही ठोक्यांची सरासरीच दाखवतो. त्यामुळे तडतडणाऱ्या उपकरणावर त्याच्या आकड्याला भुलू नका.

किती वेळ पुरेल

९ वॅटचा ३ सेकंदांचा झुरका २७ ज्यूल खातो. ६५० एमएएच (सेलच्या क्षमतेचं माप) च्या पेनमध्ये साधारण ८,६०० ज्यूल असतात. हिशेबाने ३२० झुरके, पण सर्किटमधली गळती आणि पूर्ण न उतरणारा सेल धरला तर २५० च्या आसपास. २,५०० एमएएचच्या १८६५० सेलमध्ये (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब सुटा सेल) ३२,००० ज्यूलच्या वर ऊर्जा असते, म्हणजे तशीच गळती धरून ९०० च्या आसपास झुरके. वॅट दुप्पट केले की झुरके निम्मे. दिवसभर बाहेर राहणाऱ्याला पेन अपुरं पडतं, सेल काढता येणारं उपकरण बरं.

१८६५० सेलवर ५,००० किंवा ९,९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर तो सेल हातात धरू नका, या आकारात एवढी क्षमता बसत नाही. एमएएचपेक्षा सतत किती अँपिअर देऊ शकतो हे महत्त्वाचं. सेल उतरत जातो तसं व्होल्टेज टिकवणारं उपकरण त्याच्याकडून जास्त करंट ओढतं: ४० वॅटसाठी ३.२ व्होल्टवर, सर्किटची गळती धरून, जवळपास १४ अँपिअर. २० अँपिअरच्या सेलला ते जमतं, ८ च्या सेलला नाही.

सेलचं वेष्टन कुठेही फाटलं असेल तर तो वापरू नका. आतला सगळा डबा ऋण टोक असतो. वरच्या टोकाजवळचा फाटका भाग धातूला टेकला की शॉर्ट होतो. सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकणं सगळ्यात धोक्याचं. प्लास्टिकची डबी वापरा.

बारीक गोष्टी, ज्यांनी रोज फरक पडतो

व्होल्टेज बदलणारी तळाशी फिरणारी चकती खिशात आपोआप सरकते. ती टकटक करत अडकणारी हवी. बटणावर पाच वेळा दाबून बंद करण्याची सोय आणि १० सेकंदांत आपोआप थांबणं हे असलंच पाहिजे. कॉइलचा ओहम दाखवणारं उपकरण चांगलं, कारण आकडा अचानक बदलला की जोड सैल किंवा कॉइल खराब हे लगेच कळतं.

चार्जर अदलाबदल करू नका. काही पेनमध्ये चार्जिंग थांबवणारं सर्किट पेनच्या आत असतं, काहींच्या चार्जरच्या डोक्यात. चुकीची जोडी लागली तर सेलला थेट ५ व्होल्ट मिळू शकतात.

व्होल्टेज लावताना

नवी कॉइल लावली की टाकी भरून १० मिनिटं ठेवा. सुरुवात रेंजच्या तळापासून करा, ०.१ ने चढवत प्रत्येक पायरीवर तीन-चार झुरके घ्या. चव भरत जाते आणि एका ठिकाणी तिला कडवट कडा येते. तिथून ०.२ खाली या, तुमची जागा तीच. कापसाला लिक्विड ओढायला वेळ लागतो, म्हणून झुरक्यांमध्ये श्वास घेण्याइतकी उसंत ठेवा. कोरड्या कापसावर तापलेलं लिक्विड फुटून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१५ साली आलेल्या मोजणीत ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइडचं संयुग सापडलं नव्हतं, ५ व्होल्टवर सापडलं. एवढ्या व्होल्टवर माणूस ओढूच शकणार नाही, अशी टीकाही त्यावर झाली. पण करपलेला झुरका सहन करत ओढत राहू नये, हे त्या वादातही कोणी नाकारलं नाही.

उपकरण अचानक लुकलुकून बंद पडू लागलं तर नवं घेण्याआधी वरचा ५१० जोड, म्हणजे टाकी फिरवून बसवायची आटेदार जागा, पाहा. टाकी जोर लावून आवळली की मधली पिन खाली दबते आणि संपर्क तुटतो. उपकरण बंद करा, सेल निघत असेल तर काढा, कापसाच्या काडीने साचलेलं लिक्विड पुसा आणि लाकडी काडीने पिन अर्धा मिलिमीटर हळूच उचला. त्यानंतर टाकी बोटांच्या टोकांनी, थांबेल तिथपर्यंतच फिरवा.