संध्याकाळचं तपकिरी फुलपाखरू ओळखताना या चुका टाळा

झाडीपट्टीत दिवेलागणीला ओसरीतल्या बल्बवर एक मळकट तपकिरी पाखरू येतं आणि सगळे त्याला पतंग म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते फुलपाखरूच असतं: कॉमन इव्हनिंग ब्राऊन, शास्त्रीय नाव मेलॅनिटिस लेडा.

उडण्याच्या वेळेवरून किंवा रंगावरून निकाल लावू नका. हे दिवसभर सावलीत पाल्यावर बसून राहतं आणि सांज झाली की उडतं. पाय बघा. चारच टेकलेले दिसतील, कारण पुढची जोडी आखूड असून छातीशी दुमडलेली असते. पतंग सहा पायांवर बसतो. अर्थात सहा पाय दिसले म्हणजे पतंगच, असंही नाही. धानाच्या बांधीत दिसणारी राइस स्विफ्टसारखी स्किपर फुलपाखरंही सहा पायांचीच. त्यांच्या मिशांचं टोक मात्र आकड्यासारखं वळलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसगत हंगामामुळे होते. पावसाळ्यात मिटलेल्या पंखांवर बारीक तपकिरी रेघा आणि कडेने डोळ्यांसारखे ठिपके असतात: पिवळसर कडं, आत काळं, मधोमध पांढरा टिंब. कोरड्या दिवसांत हेच डोळे पुसट होऊन टिंबाएवढे उरतात, पंखाचं टोक कोनदार होतं आणि रंग मातकट, तांबूस, काळपट असा कसाही असतो. सागाच्या पाचोळ्यात ते पायाजवळ असूनही दिसत नाही. म्हणून बरेच जण या दोन रूपांची दोन जातींत नोंद करतात. दोन्ही रूपांत पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला, टोकाजवळ, काळा डाग असतो. त्यात दोन पांढरे ठिपके आणि शेजारी नारिंगी छटा. उडताना ही खूण क्षणभर दिसते, तेवढ्यात टिपायची.

त्यासाठी चिमटीत मात्र धरू नका. पंखांवरचे खवले बोटांना लागतात आणि ज्या खुणा बघायच्या त्याच पुसल्या जातात. सडकं केळं किंवा आंबा सावलीत ठेवा, ते रस प्यायला येऊन बसतं. फोटो बाजूने, मागच्या पंखाची पूर्ण कड येईल असा काढा आणि तारीख लिहाच. तारखेशिवाय रूप ठरवणं अवघड जातं.

धानाच्या पानावर डोक्याला दोन शिंगं असलेली हिरवी अळी दिसली, तर ती बहुधा याचीच. ती पानं खाते खरी, पण दोन-चार अळ्यांसाठी फवारणीचा पंप काढायची गरज नाही.