लढाईतली जीप ओळखायची कशी

"बर्मा फ्रंटवरची आहे, साहेब!" असं सांगून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली म्हणून, एका दलालाने मला पहिली जीप गळ्यात मारली. बॉनेट उंच होतं, तेवढं दिसूनही मी भुललो. उंच बॉनेट म्हणजे सीजे-३बी, युद्धानंतरचं मॉडेल. महिंद्राने ते आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलं.

तेव्हापासून मी आधी जाळीच्या फटी मोजतो. युद्धकाळातल्या ठोकीव पत्र्याच्या जाळीला ९, नंतरच्या नागरी जीपला ७. पण जाळी काय, कुणीही बदलतो. म्हणून पोतं अंथरून खाली झोपायचं आणि रेडिएटरखालचा आडवा दांडा हाताने चाचपायचा. युद्धात ही जीप मुख्यतः विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवली. गोल नळी असेल तर चासी विलीसच्या एमबी मॉडेलची, उपड्या यूसारखी चौकोनी असेल तर फोर्डच्या जीपीडब्ल्यूची. फोर्डने बोल्टांवरही 'एफ' कोरला होता; तो सापडला की मला अजून लहान मुलासारखा आनंद होतो.

फोर्डचा चासी नंबर चासीच्या डाव्या दांड्यावर वरच्या बाजूला ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर लावू नका! रॉकेलचा बोळा, मऊ ब्रश, मग टॉर्च तिरका धरून वाचा. मिस्त्रीला घाई असते, त्याला चहाला पाठवा.

लढाईतल्या जीपचे हेडलाइट मागे वळून इंजिनावर उजेड पाडतात, तेही बघा.

रंगाचं मात्र सांभाळा. ऑलिव्ह ग्रीन आपल्याकडे लष्कराच्याच गाड्यांना चालतो. माझी राखाडी आहे.