वादातल्या यंत्राला जाणारी वीज अचूक कशी मोजावी

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात 'घेतो त्यापेक्षा जास्त देतो' असं यंत्र कुणी ना कुणी दाखवत असतंच. कधी फ्लायव्हीलचा जनरेटर, कधी दुप्पट तापणारा हीटर, कधी बिल निम्मं करणारी डबी. बघायला गेलेले लोक आउटपुटचे बल्ब मोजत बसतात. आधी इनपुट धरा.

१. मीटर तुमचा, जागा तुमची. यंत्रवाल्याच्या पॅनेलवरचा आकडा लिहूनही घेऊ नका. कंट्रोल बोर्ड, पंखा, पंप सगळं तुमच्या मीटरच्या पुढे हवं. अर्थिंग काढू नका, पण तिच्यातून करंट जातोय का ते बघा.

२. आत बॅटरी आहे का बघा. १२ व्होल्ट, १०० एएचची भरलेली बॅटरी म्हणजे १.२ युनिट, तेवढ्यावर लहान प्रयोग तासन् तास चालतो.

३. आता खरा तिढा. इथे मीही बराच काळ अडकलो होतो. 'व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट' हा सल्ला अजून छातीठोकपणे दिला जातो, आणि बहुतेक चमत्कार त्यातूनच निघतात. एसीमध्ये वॅट म्हणजे क्षणाक्षणाच्या व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराची सरासरी. दोन आकडे वेगवेगळे वाचून गुणले की ती मिळेलच असं नाही.

हीटरचंच घ्या. २३० व्होल्टला १००० वॅटची कॉइल डिमरवर, प्रत्येक अर्धी लाट बरोबर मध्यावर कापलेली. कॉइलला ५०० वॅट मिळतात. डिमरच्या पुढे स्वस्तातला, सरासरीवर चालणारा मीटर लावला तर तो ११५ व्होल्ट आणि २.१७ अँपिअर दाखवतो. गुणाकार २५० वॅट. ट्रू आरएमएस मीटर, म्हणजे लाट कशीही कापलेली असली तरी तिचा तापवणारा खरा आकडा देणारा, तिथेच सुमारे १६३ व्होल्ट आणि ३.०७ अँपिअर दाखवतो, म्हणजे ५००. दहा मिनिटांत दोन लिटर पाणी जवळपास ३६ अंशांनी तापतं, आणि यंत्रवाला सांगतो, 'बघा, दुप्पट!' पाणी खरं तापलंय, खोटा आहे तो २५०चा आकडा.

पण ट्रू आरएमएस घेतला म्हणजे सुटलात असंही नाही. मोटर असेल तर पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरा वॅटचा हिस्सा, मध्ये येतो. बिल निम्मं करणाऱ्या डबीत बहुतेकदा कपॅसिटर असतो. तो मोटरला लावला की लाइनवरचे अँपिअर उतरतात, वॅट जवळपास तेच राहतात, आणि घरचा मीटर वॅटच मोजतो. म्हणून माझं ठाम मत: व्होल्ट आणि करंट एकाच वेळी घेऊन थेट वॅट देणारा पॉवर ॲनालायझरच वापरा, तोही डिमरच्या अलीकडे, सप्लायच्या बाजूला.

क्लॅम्पनेही, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या चिमट्यानेही, घात होतो. आत डायोड असेल तर साध्या क्लॅम्पला करंटमधला डीसी भाग दिसतच नाही, वर त्याचा लोखंडी गाभा (कोअर) चुंबकत्वाने भरून (सॅच्युरेट होऊन) उरलेला आकडाही घसरतो. डीसीही मोजणारा, हॉल सेन्सरचा क्लॅम्प घ्या. थ्री फेजला प्रत्येक क्लॅम्पवरचा बाण लोडकडे आहे का ते स्वतः बघा. समतोल लोडवर तिन्हीपैकी एक उलटा बसला तर बेरीज एक तृतीयांशच येते. एखाद्या फेजला उणे चिन्ह दिसलं की चाचणी तिथेच थांबवा.

४. पडताळा साध्या एनर्जी मीटरने घ्या. त्यावर ३२०० इम्पल्स (एका युनिटला ३२०० लुकलुक) लिहिलं असेल तर १००० वॅटला दर १.१२५ सेकंदाला दिवा लुकलुकतो. शंभर लुकलुक मोजा आणि ॲनालायझरशी ताडून बघा.

५. ऑसिलोस्कोप, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, जपून. त्याच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते. ती फेजला लावली की थेट शॉर्ट. स्कोपचं अर्थिंग तोडा असा सल्ला देणाऱ्याला त्या खोलीत ठेवू नका. अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा डिफरेन्शियल प्रोब वापरा.

६. शेवटी यंत्र काढून त्याच जागी तेवढ्याच वॅटची साधी कॉइल लावा. वायर, क्लॅम्प, मीटर काहीही हलवू नका. साधी कॉइलसुद्धा घेतल्यापेक्षा जास्त देताना दिसली, तर जोडणीत चूक आहे. ती सापडेपर्यंत यंत्राबद्दल एक अक्षरही लिहून देऊ नका.