कॅमेऱ्यासमोर पटवून बोलायला शिकवताना

विद्यार्थ्यांना आधी विषय नव्हे, श्रोता निवडायला सांगावे; पहिल्यांदाच रक्तदान करणाऱ्या मित्राला तयार करणे आणि त्याच्या धास्तावलेल्या पालकांची समजूत घालणे, ही दोन वेगळी भाषणे आहेत, हे मसुदा लिहितानाच त्यांच्या ध्यानात येते. मग मोबाइलवर ९० सेकंदांचे चित्रीकरण करून घ्यावे. पडद्यावरील स्वतःच्या छबीकडे पाहत बोलण्याची खोड बहुतेकांना असते आणि त्यामुळे वक्ता नजर चुकवतो आहे असे वाटते; लेन्सशेजारी रंगीत कागदाचा लहानसा तुकडा चिकटवला, की ती बरीचशी सुटते.

ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात मांडलेली विश्वासार्हता, भावना आणि तर्क ही त्रयी इथेही लागू पडते. मात्र तिच्यावर व्याख्यान झोडण्यापेक्षा तोच व्हिडिओ एकदा आवाज बंद करून आणि एकदा चित्र झाकून वर्गात दाखवावा, कारण घोकून आलेल्याचे पितळ पहिल्या खेपेला उघडे पडते आणि पोकळ युक्तिवादाचे दुसऱ्या. संपादन व पार्श्वसंगीत शेवटी शिकवले तरी चालते. प्रत्येक दाव्याचा मूळ स्रोत दाखवल्याशिवाय मात्र काम स्वीकारू नये. गुण देताना लाइक मोजू नयेत. एखाद्या सहाध्यायाने त्यातील मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगावा, त्यावर एक आक्षेप घ्यावा आणि वक्त्याने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे.