सुगंध वाढवला, वात मात्र तीच? ग्लासातील मेणबत्ती करताना या चुका टाळा

ग्लासात ओतलेली सुगंधी मेणबत्ती पेटवली आणि खोलीत वास दरवळला नाही, की पुढच्या वेळी बहुतेकांचा हात सुगंधी तेलाच्या बाटलीकडे जातो. प्रमाण आठ टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर नेले जाते आणि ज्योत आणखी मंदावून वास पूर्वीपेक्षाही कमी येतो. सुगंध खोलीत पसरतो तो मुख्यतः ज्योतीभोवती साचलेल्या गरम, वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून. ते तळे लहान आणि कोमट राहिले, तर मेणात कितीही तेल असले तरी ते तिथेच अडकून राहते. तळे किती पसरणार हे वात ठरवते, आणि वात किती जोमाने जळणार हे बऱ्याच अंशी तेल ठरवते. त्यामुळे तेल आणि वात वेगवेगळी निवडणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

तेल चमच्याने किंवा मिलिलिटरमध्ये मोजू नये. प्रत्येक तेलाची घनता निराळी असते, म्हणून मेण आणि तेल दोन्ही ग्रॅममध्येच, शक्यतो एक ग्रॅमहून सूक्ष्म नोंद दाखवणाऱ्या काट्यावर तोलावीत. टक्केवारी मेणाच्या वजनावर काढण्याची पद्धत आहे : ज्या ग्लासात एकूण १८० ग्रॅम मिश्रण ओतायचे आहे, त्यासाठी आठ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १६७ ग्रॅम मेण आणि १३ ग्रॅम तेल लागते. सोया वॅक्समध्ये, म्हणजे सोयाबीनच्या तेलापासून बनवलेल्या मेणात, सामान्यतः सहा ते दहा टक्के तेल वापरले जाते. मेणाच्या पुरवठादाराने सांगितलेली कमाल मर्यादा ओलांडली, तर जास्तीचे तेल थेंबांच्या रूपाने वर येते, तळाशी साचते किंवा वातीत शिरून ती गुदमरवते. तेलाचीही स्वतःची मर्यादा असते. इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांत मेणबत्त्या बाराव्या गटात येतात, तेव्हा त्या गटासाठीचा आकडा विक्रेत्याकडून मागून घ्यावा. पाणी किंवा अल्कोहोल मिसळलेला रूम स्प्रे, कपड्यांचा परफ्यूम किंवा अगरबत्तीसाठी पातळ केलेला सुगंध मेणात वापरू नये, कारण तो मेणात नीट मिसळेल किंवा स्वच्छ जळेल याची खात्री नसते.

तापमानाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तेलाचा ‘फ्लॅश पॉइंट’ ६५ अंश असेल तर त्याहून गरम मेणात ते घातल्यास सगळा वास उडून जातो, असे मानून अनेकजण मेण थंड होण्याची वाट पाहतात. फ्लॅश पॉइंट म्हणजे तेलाच्या वाफेला ठिणगी मिळाल्यास ती पेट घेऊ शकते असे किमान तापमान. वास टिकण्या-न टिकण्याचा तो निकष नव्हे. बऱ्याच सोया मेणांत तेल सुमारे ८० ते ८५ अंश सेल्सिअसला घालून दोन मिनिटे सावकाश ढवळल्यास ते एकजीव होते. अर्थात फ्लॅश पॉइंटचा मूळ इशारा खराच आहे, म्हणून मेण उघड्या ज्योतीवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे आणि तेल घालण्यापूर्वी गॅस बंद करावा.

आता वातीकडे येऊ. पूजेसाठी वळलेली कापसाची वात मेणबत्तीत चालत नाही. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते. जळताना तिचे टोक वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि तिथे जळून जाते, म्हणून ती फारशी वाढत नाही. शिवाय समईची वात काडीने पुढे-मागे सारून ज्योत लहान-मोठी करता येते, तशी सोय मेणबत्तीत नाही. एकदा मेण ओतले की निर्णय पक्का झाला. ग्लासाचा आतला व्यास मोजून उत्पादकाच्या तक्त्यावरून वात निवडावी, मात्र तो तक्ता केवळ सुरुवात समजावी. वातींच्या एका मालिकेतील क्रमांक दुसऱ्या मालिकेतील त्याच क्रमांकाशी जुळत नाही, आणि बिनवासाच्या मेणावर उत्तम जळणारी वात व्हॅनिलासारख्या जड सुगंधात मेण वर ओढण्याची ताकद हरवून बसू शकते. मोगरा, लिंबू आणि व्हॅनिला या तीन मेणबत्त्यांचा ग्लास एक, मेण एक, तरी वाती तीन वेगवेगळ्या लागू शकतात. मेणाला रंग म्हणून घातलेले क्रेयॉन किंवा मायका (अभ्रकाची चमकदार पूड) वातीची छिद्रे बुजवतात. ते टाळलेलेच बरे.

दोष ओळखताना घाई नडते. वात मेणात बुडून विझते किंवा ज्योतीभोवती खोल विहीर पडून कडेचे मेण तसेच राहते, तेव्हा वात लहान आहे असे सहसा समजले जाते. पण तेल जास्त झाल्यानेही नेमके हेच घडते. वातीच्या टोकाला काळी गाठ येणे आणि काचेवर काजळी धरणे हीसुद्धा मोठ्या वातीची आणि अति तेलाची सामाईक खूण आहे. दोन्ही कारणे वेगळी करण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग मला दिसतो : त्याच ग्लासात, त्याच वातीची एक मेणबत्ती बिनवासाची करावी आणि दोन्ही शेजारी-शेजारी जाळाव्यात. बिनवासाची नीट जळत असेल तर दोष तेलाच्या प्रमाणात किंवा जातीत आहे, म्हणून आधी तेल दोन टक्क्यांनी कमी करून पाहावे; दोन्ही बिघडत असतील तर वात बदलावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक ग्लासावर चिठ्ठी लावावी. काजळी दिसली तर निष्कर्ष काढण्याआधी छताचा पंखा बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी, कारण हलत्या ज्योतीची काजळी हा वातीचा दोष नसतो.

चाचणीच्या वेळापत्रकातही एक सापळा आहे. पहिल्याच पेटवणीत तळे काचेला भिडावे म्हणून मोठी वात घातली जाते. परंतु मेण खाली जाते तशी ज्योत काचेच्या भिंतींमध्ये कोंडली जाते, उष्णता वाढत जाते आणि अर्ध्यावर हीच वात धूर सोडू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या पेटवणीपर्यंत तळे कडेला पोचले तरी ती वात योग्यच समजावी. प्रत्येक वेळी वात पाच-सहा मिलिमीटरवर कापावी, जास्तीत जास्त चार तास जाळून मेण पूर्ण गोठू द्यावे, आणि हा क्रम ग्लास संपेपर्यंत चालवावा. पहिल्या दिवसाच्या सुंदर ज्योतीवर विसंबून विक्रीस काढलेल्या मेणबत्त्या मला अत्यंत धोकादायक वाटतात. तळ्याची खोली साधारण एक सेंटिमीटरच्या आत राहिली पाहिजे. रुंद वाटीत एका मोठ्या वातीपेक्षा दोन लहान वाती अधिक समान जळतात.

सोया मेणबत्ती ओतल्यानंतर एक ते दोन आठवडे झाकून ठेवावी. त्याआधी वासाचा निकाल लावणे चुकीचे ठरते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात मऊ मेणावर तेलाचे दवबिंदू दिसले तर प्रमाण लगेच कमी करू नये : ग्लास थंड जागी ठेवून पाहावा, आणि ते तरीही दिसत राहिले तरच तेल घटवावे. ग्लास उष्णता सोसणाऱ्या काचेचा, तडा नसलेला असावा, आणि तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले की मेणबत्ती कायमची विझवावी, हे ग्राहकाला देण्याच्या चिठ्ठीवरही छापावे.