मणक्यात सायनोव्हियल सिस्ट: या चुका टाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर कोणाची दुखत नाही, म्हणूनच साठीच्या बाईनं एका पायात पोटरीपर्यंत कळ जाते म्हटलं की घरचे म्हणतात उसण भरली, चोळून घे, नाहीतर पायाळू माणसाकडून लाथ मारून घे. हे अजिबात करू नका. मणक्यामागचे छोटे सांधे वयानं झिजतात, त्यातलं वंगणाचं पाणी साचून पिशवी फुगते, तीच सायनोव्हियल सिस्ट, आणि ती नस दाबते, बहुतेक वेळा एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये. लाथेनं ती जात नाही, उलट मणका आधीच सरकलेला असला तर दुखणं वाढू शकतं.

वाकून वेचताना बरं वाटते पण सरळ चालत फाट्यापर्यंत गेलं की पाय भरून येतात, बसलं की पुन्हा बरं, असं असेल तर डॉक्टरला हे नक्की सांगा, नुसतं "कंबर दुखते" म्हणू नका.

एक्सरे नॉर्मल म्हणून निर्धास्त राहू नका, सिस्ट एमआरआयमध्येच नीट दिसते. पण पुढे-मागे वाकून काढलेला एक्सरेही लागतो, मणका सरकतो का ते त्यातच कळते आणि ऑपरेशनमध्ये स्क्रू टाकायचे की नाही ते त्यावरून ठरते.

रिपोर्टमध्ये सिस्ट वाचून कॅन्सर समजून रडारड होते. हा कॅन्सर नाही. पायात ताकद असेल तर आधी गोळ्या, फिजिओथेरपी, मग सांध्यात किंवा नसेजवळ इंजेक्शन, कधी सुईनं सिस्ट फोडतात. ती परत भरूही शकते, म्हणून लगेच डॉक्टरला दोष देऊ नका. एवढं करूनही दुखणं थांबत नसेल तर ऑपरेशन करून काढतात.

मेडिकलवरून रोज पेनकिलर आणि बिननावाच्या पुड्या तर बंदच करा, किडनी खराब होते, पुडीत स्टेरॉइड असलं तर शुगर वाढते.

आणि लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलत नाही, चप्पल निसटते अन् कळतही नाही, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, नागपूरचं मेडिकल कॉलेज नाहीतर सेवाग्रामचा दवाखाना गाठा. निघताना एमआरआयच्या फिल्म, राशनकार्ड, आधार सोबत घ्या, मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेची चौकशी तिथंच होते.