जहाजाच्या मॉडेलला दोरा निवडताना

जुन्या ब्रिटिश युद्धनौकांच्या तक्त्यांत दोरखंडाचं माप इंचात दिलेलं असतं, पण ते व्यासाचं नव्हे, परिघाचं. व्यास समजून दोरा घेतलात तर तो तिपटीहून जाड निघेल आणि मॉडेल खेळण्यासारखं दिसेल. आधी 3.14 ने भागा, मग स्केलने. 6 इंची दोरखंड म्हणजे 152 मिमी परीघ, सुमारे 48 मिमी व्यास. 1:64 मॉडेलला 0.75 मिमी दोरा. दोन मापांत अडकलात तर बारीकच घ्या. ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण मापाचं जहाज असेल तर स्केलचा भागाकार नको. मात्र कर्व्हला (दोराची रेषा) जाडी देणाऱ्या बेव्हलमधली ‘डेप्थ’ ही त्रिज्या असते, म्हणून 24 मिमी. डोलकाठी ताणून धरणारे दोर डांबर लावलेले, म्हणून गडद तपकिरी. शिडं ओढायचे फिकट.